एकचाकी ढकलगाडीला तुमच्याकडे काय म्हणतात?

सेफ्टीवाली_ठाणे

नमस्कार. घोडबंदर रोडला एका इमारतीच्या साइटवर मी सेफ्टीचं काम बघते. मराठी सूचनांचे फलक मीच लिहिते, आणि एका शब्दापाशी महिनाभर अडून बसले आहे.

पुढे एक चाक, मागे टेकायला दोन पाय, धरायला दोन दांड्या आणि मध्ये पत्र्याचं खोलगट टोपलं, अशी ती गाडी. बिलावर तिचं नाव व्हीलबॅरो. साइटवर सगळे ट्रॉली म्हणतात. पण ब्लॉक वाहायची चारचाकी सपाट गाडीही ट्रॉलीच, आणि ट्रॅक्टरला मागे जोडतात तीही ट्रॉलीच.

म्हणून मी फलकावर लिहिलं, ‘हातगाडीत माल पुढच्या बाजूला भरावा.’ आमच्याकडे परभणी-जालन्याची माणसं जास्त. हातगाडी म्हटलं की त्यांना केळीवाल्याची गाडी दिसते. ही सूचना आपल्यासाठी नाही असं समजून एकाने काँक्रीट दांड्यांकडे भरलं. फळीवर चढवताना तोल गेला, गाडी आडवी झाली आणि पत्र्याची कड त्याच्या नडगीत घुसली. पाच टाके पडले. दवाखान्यात तो मला म्हणाला, “मॅडम, ती हातगाडी नव्हती ना, ट्रॉली होती.” तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माल कुठे भरतो याने किती फरक पडतो ते मी टेप घेऊन मोजलं. चाकाच्या आसापासून दांडीच्या मुठीपर्यंत १३५ सेंमी. मालाचं वजन आसापासून ४५ सेंमीवर असेल तर हातांवर एक तृतीयांश भार येतो. तेच ९० सेंमीवर सरकलं तर दोन तृतीयांश. ६० लिटर ओलं काँक्रीट म्हणजे जवळपास १४४ किलो. म्हणजे एकदा हातात ४८ किलो, एकदा ९६. शाळेत शिकवतात ती दुसऱ्या प्रकारची तरफ हीच.

मला असा शब्द हवाय की कुठल्याही जिल्ह्यातून आलेल्या माणसाने वाचला किंवा ऐकला की त्याच्यापुढे हीच गाडी उभी राहील. तुमच्या घरी, गावी, कामावर काय म्हणतात ते सांगा.

कोपरखैरणे_माथाडी_वसाहत

ताई, हातगाडी लिहू नकाच. माझे वडील मुंबईच्या दाणाबंदरला, धान्याच्या बाजारात होते, बाजार वाशीला आला तसे आम्ही इकडे आलो. त्यांची हातगाडी म्हणजे लांबलचक लाकडी साटा आणि दोन मोठी चाकं. पुढे एक ओढणारा, मागे दोघं लोटणारे. चढाला मागचे खांदा लावायचे आणि उताराला तेच दोघं गाडी मागे खेचून धरायचे, कारण तिला ब्रेक नसतो. शंभर शंभर किलोच्या गोण्या असत तेव्हा. बाबा सांगायचे, थप्पी मारताना वजन चाकांवर बसलं पाहिजे, नाहीतर पुढच्याच्या छातीवर येतं. तुमच्या फलकावरची गोष्ट तीच.

गाडीच नसेल तिथे गोणी माथ्यावर. म्हणून माथाडी. १९६९ चा कायदा झाला तोही त्याच नावाने.

आमच्याकडे ओढायची ती हातगाडी आणि लोटायची ती ढकलगाडी. पण सफाईवाल्यांची दोन डब्यांची गाडीही ढकलगाडीच. तेव्हा नुसतं ढकलगाडी लिहून तुमचं भागणार नाही.

वऱ्हाडी_घणसोलीत

ठेला पण नका लिहू. आमच्या नागपूरकडे ठेल्यावर भाजी विकतात, आणि पानठेला तर जागचा हलतही नाही. बैलगाडीला आम्ही बंडी म्हणतो. खानदेशातल्या मित्राला विचारलं, तो केळीच्या गाडीला लोटगाडी म्हणतो. एकचाकीला वेगळं नाव आमच्या दोघांकडेही नाही. गावात ती होतीच कुठे? डोक्यावर चुंबळ आणि तीवर घमेलं.

दर्यासारंग_७७

व्हीलबॅरोच ठेवा की. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव होतं, आज गावातली आजीही टेम्पो म्हणते.

सेफ्टीवाली_ठाणे

परक्या शब्दाला माझी ना नाही. टेम्पो म्हटलं की एका जातीचं वाहन डोळ्यापुढे येतं. व्हीलबॅरो आमच्या साइटवर फक्त स्टोअरकीपर म्हणतो, आणि ट्रॉली तीन गाड्यांना लागू आहे.

बाळकुमचा_आगरी

आमची आजी गाडीला गारी म्हणायची, म्हणून हातगारी. पण शेतावर ती चालायचीच नाही. भाताचे भारे बांधावरून डोक्यावरच यायचे, कारण बांध हातभर रुंद, दोन चाकं मावणार कुठे? एक चाक मात्र मावलं असतं. चीनमध्ये जुन्या एकचाकी गाडीचं मोठं चाक मधोमध असायचं, माल दोन्ही बाजूंना. सगळं वजन चाकावर, माणसाने फक्त तोल सांभाळायचा. युरोपात चाक पुढे गेलं आणि अर्धा भार हातांवर आला. तुमची माणसंही फळीवरूनच नेतात ना? मग त्या गाडीची ओळख तिचं एक चाक. तेच नावात घ्या.

सेफ्टीवाली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळच्या मीटिंगमध्ये तिन्ही गाड्या ओळीत उभ्या केल्या आणि काही न दाखवता नुसतं म्हटलं, “एकचाकी आणा.” चौदा जण होते, त्यांतले दोन बिहारचे. सगळ्यांनी बरोबर त्याच गाडीकडे पाहिलं. मग ‘ढकलगाडी’ म्हणून बघितलं, तर निम्मे चारचाकीकडे वळले.

टाके पडलेला दादा परवापासून हलक्या कामावर आलाय. त्याला मसुदा वाचून दाखवला, ‘एकचाकीत माल पुढच्या बाजूला भरावा.’ तो म्हणाला, “मॅडम, भरणारा चाकाकडे तोंड करून उभा असतो. त्याचं पुढं म्हणजे त्याच्या पायाजवळचं.” मी गाडीपाशी जाऊन फावडं हातात घेऊन उभी राहिले. त्याचं खरं होतं. फावड्यातला माल सहज पडतो तो दांड्यांकडेच.

पेंटरला दुपारी दिलेला मजकूर असा: ‘एकचाकीत माल चाकाकडे भरा. मुठीकडे भरू नका.’ खाली गाडीचं चित्र, चाकाकडचा अर्धा भाग पिवळा.