जळलेल्या दुधाचा वास

बरेच जण म्हणतात की हंटिंग्टन हा मेंदूचा आजार म्हणजे हातपाय आपोआप हलणं, बाकी काही नाही. तसं नाहीये हो. आमच्या आत्याला होता, इंदूरला रामबागेत राहायची, आणि घरात सगळ्यात आधी खटकलं ते वेगळंच. गॅसवर दूध उतू जाऊन पार करपलं, आम्ही बाहेरच्या खोलीतून धावत आलो आणि ती ओट्यापाशीच उभी, म्हणाली कसला वास?

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की नाक ठीक असतं, पण आलेला वास कशाचा हे मेंदूला ओळखता येत नाही. या आजारात मेंदूच्या आत खोलवर असलेला स्ट्रायटम नावाचा भाग झिजतो, आणि तो नुसता हालचालीचा भाग नाही, डोळे कान त्वचा यांच्याकडून आलेल्या माहितीतलं कामाचं काय आणि सोडून द्यायचं काय हे ठरवण्यातही त्याचा हात असतो. म्हणून तर हाताच्या नसेला हलका करंट देऊन मेंदूतला सिग्नल मोजला तर तो बऱ्याच पेशंटमध्ये कमी भरतो.

आणि हे नक्की वाचा, आत्याचे खांदे सारखे उडायचे आणि ती मनापासून म्हणायची मी तर शांत बसलेय. आम्हाला वाटायचं लपवतेय, खूप बोललो तिला, त्याचं अजून वाईट वाटतं. ते खोटं नव्हतं, स्वतःच्या हालचालींची जाणीवच कमी होते. तुमच्या घरी कुणी असं म्हणत असेल तर प्लीज वाद घालू नका.