फ्रेंच 'र' तुम्हाला कसा जमला?

आज सकाळी लेक मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती. तो आवाज ऐकून एकदम ल्योंमधली माझी खोली आठवली. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, पाण्याशिवाय गुळण्या केल्यासारखा 'र' काढा. मग रोज रात्री आरशासमोर रूज, पारी, मेर्सी. तीन महिने नुसता घसा खरवडला. एक दिवस बेकरीत 'मेर्सी' म्हटलं आणि तो आपसूक आला, मऊ, 'ग' आणि 'ख'च्या मधला. घरी पोचेपर्यंत पुटपुटत होते. तुमचं कसं झालं? लिहा सगळ्यांनी.

—

गुळण्यांनी माझं उलट बिघडलं, जोर लागतो आणि घसा बसतो. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवायचं, उचलूच द्यायचं नाही. मग 'ग' म्हणता म्हणता पकड सैल सोडायची. पडजिभेपाशी हवा घासते तोच आवाज. ग्रां, ग्रो पासून सुरुवात करा, 'र'ने सुरू होणारे शब्द नंतर.

—

+१ टोक खाली. आणि त्र्वा, क्र्वासाँ मधला र 'ख'कडे झुकतो, आधीच्या त-क मुळे. हे कळायला मला वर्ष लागलं.

—

माझी मुलगी मातेर्नेलला, म्हणजे फ्रेंच बालवाडीत जाते, साडेतीन वर्षांची. "आई, जिभेने नाही, इथून" म्हणत माझ्या गळ्यावर बोट ठेवते. पण आता 'घर' मधला र पण घशातूनच काढते, त्याने जीव कासावीस होतो. कुणाच्या मुलांचं झालंय असं?

—

ताई, माझ्या मुलाचं झालेलं. आजीशी रोज फोनवर गप्पा. सहाव्या वर्षापर्यंत दोन्ही र आपोआप वेगळे झाले. काळजी करू नका.

—

आपल्या र ची लाज कशाला वाटायची? मोलिएरच्या १६७० च्या 'ल बूर्ज्वा जांतीयोम' नाटकात तत्त्वज्ञानाचा मास्तर र शिकवतो तो असा: जिभेचं टोक टाळूला न्या, हवेने थरथरू द्या. म्हणजे आपलाच र की! घशातला नंतर रुळला. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या माँट्रियालमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिभेचाच र सर्रास ऐकू यायचा.

—

अगदी. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवर मराठी र लावून रुआँचं तिकीट मागितलं, लगेच मिळालं. मला नडला तो 'u'. घरमालकीणबाई म्हणाल्या, किल्ली मीटरच्या 'ओद्स्यू', म्हणजे वर. मी ऐकलं 'ओद्सू', म्हणजे खाली. रात्री साडेदहाला पावसात मीटरखालची कुंडी चाचपत होतो. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे, बास. पण तेवढं चुकलं की अर्थच उलटा.

—

अरे देवा, पावसात! मग मिळाली का किल्ली?

—

शेजारच्या आजोबांनी मोबाईलच्या उजेडात काढून दिली. दार उघडेपर्यंत थांबले, आणि जिन्यातच माझ्याकडून दहा वेळा द्स्यू, द्सू म्हणवून घेतलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

—

र आणि तो u एकत्र आले की माझं अजून अडतं, 'र्यू' म्हणजे रस्ता, साधा शब्द. गुरुवारी फ्रेंचच्या बी२ पातळीची तोंडी परीक्षा आहे. ती 'ग'ची युक्ती आजच करून बघते. कुकर झाला, येते नंतर.