वय २३ अन् केस पांढरे, तेल बदलू की डॉक्टर?

संत्राबर्फी: नागपूरच्या प्रताप नगरला राहते. कानाजवळ दहा-बारा केस पांढरे दिसून राहिले अन् पुढच्या महिन्यात ताईचं लग्न. काल एक उपटून उन्हात धरला तर टोकाकडे काळा अन् मुळाकडे पांढरा, असं अर्धंअर्धं काऊन होतं बाप्पा? आई म्हणते उपटू नको, एकाचे दहा होतात. आजीच्या मते बोरवेलच्या पाण्यानं झालं.

वर्धारोडवाला: बाहेर आलेला केस मेलेलाच असतो, त्याचा रंग आतून बदलत नाही. रंग मुळाशीच भरला जातो, मेलानोसाइट नावाच्या पेशी मेलॅनिन बनवतात, त्या थांबल्या की पुढे पांढराच निघतो. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, पांढरा भाग पट्टीनं मोज, कधी बंद पडलं ते कळेल. एकाचे दहा वगैरे काही होत नाही, पण सारखं उपटल्यानं मूळ खराब होऊ शकतं, कात्रीनं काप.

फुटाळाकाकू: अगं आईबाबांचे कधी झाले ते विचार आधी. आमच्या खानदानात सगळ्यांचे लवकरच, तेलावर किती पैसे घातले असतील मी! पण २५ च्या आत झाले तर डॉक्टर अकाली धरतात, म्हणून व्हिटॅमिन बी१२, थायरॉइड अन् फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घे. माझ्या पोट्ट्याचं बी१२ फार कमी निघालं, आम्ही पक्के शाकाहारी नं, इंजेक्शनं झाल्यावर काही केस काळे आले, सगळे नाही.

संत्राबर्फी: काकू, बाबांचे तिशीत झाले. परीक्षेच्या टेन्शननं होतं का?

वर्धारोडवाला: २०२० मध्ये हार्वर्डवाल्यांनी उंदरांवर दाखवलं, ताणात मज्जातंतूंमधून नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं अन् रंगाच्या मूळपेशींचा साठाच संपतो. पण ते उंदीर होते, सगळं परीक्षेवर ढकलू नको.

महालचा_भाचा: ताई, लग्नासाठी काळी मेहंदी लावू नको फक्त! मी भावाच्या लग्नाआधी पुडी आणून लावली, दुसऱ्या दिवशी कानामागे पाण्याचे फोड अन् डोळे असे सुजले की वरातीत रात्री गॉगल घालून नाचलो, फोटोत सगळे विचारतात हा कोण हिरो. त्यात पीपीडी नावाचं डायचं केमिकल असतं, नुसत्या मेहंदीनं केस काळे होतच नाहीत, लालसर होतात. डाय लावायचाच तर आधी कोपराच्या आत थेंबभर लावून ४८ तास थांब.

संत्राबर्फी: मोजलं, अडीच सेंमी. उद्या लॅबमध्ये जाते. आजीला म्हटलं बोरचं पाणी नाही गं, तर म्हणते मग मोबाइलनं झालं.