एमआरआयसोबत 'स्पेक्ट्रोस्कोपी' कशाला लिहिलीये?

कोथरूडकर: बाबांच्या मेंदूत गाठीसारखं काहीतरी दिसलंय, आता डॉक्टर म्हणतात परत एमआरआय करा पण स्पेक्ट्रोस्कोपीसकट, आणि कागदावर कोलीन, एनएए असलं काय काय खरडलंय. परत रेडिएशन का? वय ७१, त्या बोगद्याला आधीच घाबरतात.

पेठेतला_पेशंट: एमआरआयमध्ये रेडिएशन नसतंच हो. मशीन तेच, फक्त चित्राऐवजी आलेख निघतो, त्या जागच्या पेशींमध्ये कोणती रसायनं किती आहेत त्याचा. एनएए हे मेंदूतलं एक रसायन, त्याचं टोक आलेखाच्या आडव्या पट्टीवर २.० पीपीएमपाशी (पीपीएम म्हणजे त्या पट्टीवरचं माप), ते धडधाकट न्यूरॉनचं, म्हणजे चेतापेशींचं. कोलीन हे पेशींच्या आवरणाशी जोडलेलं रसायन, त्याचं ३.२ ला, पेशी भराभर वाढायला लागल्या की ते चढतं आणि एनएए पडतं. १.३ ला लॅक्टेटचं जोडटोक दिसलं तर साखर अर्धवटच मोडतेय असं समजा.

हडपसरचा_टेक्निशियन: रोज हेच करतो. थोडा वेळ जास्त जातो, हलू नका एवढं सांगा. मोजायला आखलेला चौकोन कवटीला चिकटून पडला तर तिथली चरबी मिसळते आणि आलेखाची पार भेळ होते. आणि नुसत्या आलेखावर निदान नाही, बायोप्सी लागू शकते.

कोथरूडकर: इंजेक्शन?

हडपसरचा_टेक्निशियन: स्पेक्ट्रोस्कोपीला नाही लागत. पण कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसायला देतात ते इंजेक्शन) वेगळा लिहिला असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा, आमच्याकडे निम्मे लोक तोच घरी विसरतात.