रीलमधला रस्ता आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी

पुण्याचे रस्ते रीलमध्ये पाहून ‘आपले कोल्हापूर मागे पडले’ असे म्हटले जाते, त्यात थोडी भर घालतो. 25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानातील 100 शहरांत कोल्हापूर नव्हते हे खरे. परंतु निवड झालेल्या शहरांतही मोठा खर्च ठरावीक भागावर करण्याची योजना होती, आणि पुण्याने त्यासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा पट्टा निवडला होता. तिथला रुंद पदपथ तीस सेकंदांच्या चित्रफितीत दिसला की पाहणारा तो संपूर्ण पुण्याच्या नावावर जमा करतो, आणि त्याच पुण्यातल्या एखाद्या तुंबलेल्या चौकाची चित्रफीत आली की ‘हीच का स्मार्ट सिटी’ म्हणून अख्खी योजना निकालात काढतो. दोन्ही निवाडे सारखेच उतावळे.

आपल्याकडे पावसाळ्यात वेगळेच चित्र दिसते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर तासातासाला आकडा येतो आणि तो पाहूनच कुणी गाडी उंचावर लावतो, कुणी तळमजल्यावरचे धान्य माळ्यावर चढवतो. (मागच्या वर्षीचा फोटो आजचा म्हणून पुढे ढकलणारे महाभागही त्याच गटात आहेत.) या साध्या आकड्याला कुणी ‘स्मार्ट’ म्हणत नाही, कारण त्याची रील होत नाही.