बेदुआँ गावातून माँ व्हाँतू: एक दिवस सायकलने, एक दिवस पायी. जमेल का?

गंगापूर रोडची सायकलवाली

नमस्कार मंडळी. माझी लेक फ्रान्समध्ये आव्हिन्याँला शिकते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे जातेय, त्यातले पाच दिवस आम्ही मायलेकी बेदुआँ नावाच्या खेड्यात राहणार आहोत. खोलीच्या खिडकीतून माँ व्हाँतूचा डोंगर दिसतो. लेकीने त्याचा फोटो पाठवल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

माझं वय ५१. रविवारी पहाटे गंगापूर धरण, महिन्यातून एकदा त्र्यंबक, आणि दर दिवाळीनंतर नांदुरीहून सप्तशृंगी गड सायकलने. गडाच्या घाटात दोनदा थांबावं लागतं. कळसूबाई तीनदा झालंय, हरिहर एकदा.

हा डोंगर १९१० मीटरचा, आपली कळसूबाई १६४६. फरक अडीचशे मीटरच्या आसपासचाच. मग सायकलवाले त्याचा एवढा धाक का घेतात? सायकलने आणि पायी दोन्ही करायचंय, तर आधी काय करू? सायकल इथून नेऊ की तिथे भाड्याने घेऊ? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सिडको ते सोमेश्वर

भाड्याने घ्या ताई. बेदुआँत सायकलची दुकानं आहेत आणि त्यांचा धंदा या डोंगरावरच चालतो, सायकली उत्तम मिळतात. फक्त गिअर विचारून घ्या. पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं किमान ३२ चं हवं. ताशी आठ किलोमीटरने चढताना त्यात पेडल मिनिटाला साठ वेळा फिरतं. मागे २८ असेल तर तोच वेग बावन्न फेऱ्यांत ओढावा लागतो आणि दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे डाव्या. उतारावर घाईत चुकीचा दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानदाराला बदलून मागा, नाहीतर गावातच अर्धा तास सवय करा. गाड्या उजव्या बाजूने चालतात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा तिथे कायदा आहे.

वणीचा घाट

ताई, आधी तुमचा हिशोब दुरुस्त करतो, कारण मीही तोच करून गेलो होतो. शिखराची उंची बघू नका, पायथ्याची बघा. कळसूबाईला आपण बारीतून निघतो, तिथून चढाई आठशे मीटरच्या घरात. बेदुआँ समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे. म्हणजे १६०० मीटरची चढण, तीही साडेएकवीस किलोमीटरच्या रस्त्यात, आणि मध्ये पाय सैल सोडायला उतार नाही. नांदुरीचा घाट दहाएक किलोमीटरचा. तो संपला की तिथेच दुसरा तेवढाच सुरू होतो असं समजा.

पहिले पाच-सहा किलोमीटर सोपे आहेत. रस्ता द्राक्षबागांतून जातो. आपल्यासारखे मांडव नाहीत, वाइनच्या द्राक्षांची कमरेएवढी झुडपं असतात. तुम्ही जाल तेव्हा आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची बोलणी चाललेली असतील आणि तिथे तोडणी ऐन भरात. खायची काळी मस्कॅट द्राक्षंही त्याच दिवसांत बाजारात येतात. सोमवारी सकाळी बेदुआँचा बाजार भरतो, तिथून जरूर घ्या. नाशिकच्या माणसाने ती न चाखता परत येऊ नये.

या सोप्या पट्ट्यातच माणूस जोर घालवून बसतो. सँतेस्तेव नावाचं डावं वळण आलं की जंगल लागतं, आणि पुढचे जवळजवळ दहा किलोमीटर चढ नऊ-दहा टक्क्यांच्या खाली फारसा येत नाही. झाडांमुळे वारा नाही, लांबचं काही दिसत नाही, फक्त आपला श्वास ऐकू येतो. दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड आहे. शिखर किती राहिलं आणि पुढच्या किलोमीटरला चढ किती टक्के, दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. मी सुरुवातीला ते वाचत होतो. मग फक्त राहिलेलं अंतर वाचायला लागलो, टक्के बघायचे सोडून दिले.

जंगल संपतं तिथे शाले रेनार, १४१७ मीटरवर. खायला-प्यायला मिळतं. तिथून वर नुसता पांढरा चुनखडीचा खच आणि टोकावरचा मनोरा. शेवटचे सहा किलोमीटर. जुन्या काळी जहाजबांधणीसाठी या डोंगराची झाडं तोडली. एकोणिसाव्या शतकात खालच्या उतारांवर पुन्हा लावली, माथा मात्र बोडकाच राहिला.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. मी सायकल एकाच दिवसासाठी ठरवली होती. त्या दिवशी मिस्त्राल सुटला. मिस्त्राल म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा कोरडा वारा. खाली गावात पानं हलत होती एवढंच. शाले रेनारच्या वर पहिल्याच उघड्या वळणावर त्याने मला सायकलसकट रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. मग मी उतरून सायकल हाताने ढकलत चालत राहिलो.

टॉम सिम्पसनच्या स्मारकापर्यंत पोचलो. हा इंग्लंडचा सायकलपटू १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्सच्या शर्यतीत इथेच कोसळला आणि गेला. वय २९. भयंकर ऊन, पोटात उत्तेजक गोळ्या आणि दारू, आणि थांबायचं नाही ही जिद्द. स्मारकाच्या पायऱ्यांवर सायकलवाले बाटल्या, टोप्या ठेवून जातात. त्या दिवशी एक रिकामी बाटली दोन दगडांच्या मध्ये अडकून सारखी खडखडत होती. शिखर दीड किलोमीटरवर होतं. मी सायकल फिरवली आणि खाली आलो.

२०१६ मध्ये टूरची शर्यतसुद्धा वाऱ्यामुळे शिखरावर न संपवता शाले रेनारलाच संपवली होती. जिथे शर्यत मागे घेतात तिथे तुम्ही-आम्ही हट्ट करू नये.

म्हणून तारीख बांधून घेऊ नका. सायकल पाचही दिवसांसाठी घ्या आणि रोज रात्री शिखरावरच्या वाऱ्याचा अंदाज बघा. जो दिवस शांत, तो सायकलचा. बाकीचे दिवस पायी फिरायचे.

रस्त्याबद्दल माझं स्पष्ट मत: बेदुआँकडून चढू नका. लेक गाडी चालवत असेल तर तिला सो गावाला सोडायला सांगा. सो उंचावर आहे, तिथून अंतर २६ किलोमीटर पण चढ सौम्य, आणि शाले रेनारला तो रस्ता याच रस्त्याला मिळतो. शेवटचे सहा किलोमीटर तेच, फक्त तुमचे पाय ताजे असतील. मी दोन दिवसांनी तसाच गेलो आणि शिखरावर उभा राहिलो. मग उतरायचं बेदुआँकडे, थेट घरी. डोंगर तोच, शिखर तेच. त्यात काही कमीपणा नाही.

तयारीसाठी आत्तापासून नांदुरीचा घाट एका सकाळी दोनदा करा. श्रावणात धुकं असतं, मागचा लाल दिवा लावा.

पाठीवर सॅक

चालण्याबद्दल मी लिहितो, सायकल मला येत नाही.

आपल्या आणि तिथल्या डोंगरात एक मोठा फरक आहे आणि तो पाण्याचा. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा, किल्ल्यांवर कातळात टाकी कोरलेली असतात, पाणी टिकतं. व्हाँतू चुनखडीचा. पडलेलं पाणी दगड पिऊन टाकतो आणि वाटेवर कोरडं ठणठणीत. गावातल्या कारंज्यावरून माणशी तीन लिटर भरून निघा.

बेदुआँतून कोंब द क्युर्निए नावाच्या अरुंद घळीतून वर जायची वाट आहे. घळीत दोन्ही भिंती हाताला लागतील इतक्या जवळ येतात. पण तिथून शिखर म्हणजे पुरता दिवस आणि कळसूबाईच्या दुप्पट चढ. सायकलच्या दुसऱ्या दिवशी अजिबात नको. त्यापेक्षा उत्तरेच्या अंगाला माँ सराँ हे साधारण १४०० मीटरवरचं ठिकाण आहे, तिथपर्यंत गाडीने जाऊन वर चाला. लांबच्या पायवाटांवर झाडांवर, दगडांवर पांढरा-लाल पट्टा असतो. दोन पट्ट्यांची फुली दिसली तर वाट चुकली समजा आणि मागे फिरा.

माथ्याजवळ पायाखाली सुटी खडी आहे. चढताना त्रास नाही, उतरताना हरिहरपेक्षा जास्त जपावं लागतं, कारण हरिहरच्या पायरीला खोबण आहे, इथे धरायला काहीच नाही. काठी न्या. जंगलाला वणव्याचा धोका असेल त्या दिवशी वाटा बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी गावात विचारा.

वारा असेल त्या दिवशी दाँतेल द माँमिरायला जा. लेसच्या किनारीसारखे उभे सुळके, पायथ्याला जिगाँदास गाव. उंची कमी पण सुळके बघून मन भरतं.

आणि वर पोचल्यावर हे आठवा: इटलीचा कवी पेत्रार्क २६ एप्रिल १३३६ ला भावाला बरोबर घेऊन हा डोंगर पायी चढल्याचं त्याने पत्रात लिहून ठेवलंय.

गंगापूर रोडची सायकलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. वणीचा घाट दादा, तुमचं मागे फिरणं वाचून मी लेकीला लगेच फोन केला. ती म्हणाली, आई, हेच मी तुला कसं सांगू कळत नव्हतं.

सायकल पाच दिवसांची सांगितली, ३४ आणि ३४ मिळतेय. सोपर्यंत ती सोडणार आणि शाले रेनारला माझी वाट बघणार. तिथे वारा असेल तर गाडीत बसून परत, हे दोघींनी आधीच ठरवलं. पायी माँ सराँकडून, एक दिवस सोडून.

आज पहाटे नांदुरीचा घाट केला. पहिल्यांदा एकदाच थांबले. दुसऱ्यांदा निम्म्यातून परत आले, पुढच्या रविवारी पुन्हा जातेय. कोणाला सोबत यायचं असेल तर पहाटे साडेचारला आरटीओ कॉर्नर.