मदत हवी आहे: ‘बिनीथ अ स्टील स्काय’मधील संवादांचा वेग आणि कारखान्यातून सुटका

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहतो. सातवीत शिकणारा माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला आहे आणि आम्ही दोघे रोज रात्री जेवणानंतर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ सालचा संगणकावरील खेळ स्कमव्हीएमवर (जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) खेळत आहोत. रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने तो २००३ मध्ये मोफत खुला केला. चित्रकथांचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेले ते धुरकट, उभे-आडवे पाइप भरलेले शहर, आणि त्यावर पडद्याआडून सत्ता गाजवणारा ‘लिंक’ नावाचा संगणक, यांनी मुलाला अक्षरशः खिळवून ठेवले आहे.

अडचण अशी की, भाचा मराठी माध्यमात शिकत असल्यामुळे इंग्रजी वाक्य बोट ठेवून सावकाश वाचतो आणि ते पूर्ण होण्याआधीच पडद्यावरून नाहीसे होते. आवाज आणि अक्षरे दोन्ही सुरू ठेवून वाक्य अधिक वेळ थांबवता येते का, की त्यासाठी आवाज बंदच करावा लागतो?

दुसरे म्हणजे, जिन्याचा दांडा उपटून दार उघडले, नायकाचा यंत्रमानव साथी जोई याची चकती जुन्या यंत्रमानवाच्या सांगाड्यात बसवली, पानाही मिळवला. परंतु कारखान्यातून बाहेर पडण्याची वाट काही सापडत नाही. कृपया थेट उत्तर न देता, कोणत्या खोलीत पुन्हा नीट पाहावे, एवढेच सुचवावे. उरलेले त्याला स्वतः शोधायचे आहे.